आतला पॅड बघा: कारचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलायची पहिली वेळ

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाटात माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकातून जळका वास यायला लागला आणि ब्रेक मारला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखा कर्रर्र आवाज. गाडीत आई, बायको, मागे झोपलेली मुलगी. थांबत थांबत, पहिल्या गिअरमध्ये कसंबसं पोलादपूर गाठलं, तिथे चाक काढलं तर बाहेरचा पॅड चांगला अर्धा शिल्लक होता आणि आतल्या पॅडचं मटेरियल संपून नुसती लोखंडी प्लेट डिस्कवर घासत होती. दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला "पॅड अजून अर्धे आहेत" असं सांगितलेलं, आणि ते खोटं नव्हतं, बाहेरचा पॅड खरंच अर्धा होता. आतला कोणी बघितलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी माझे ब्रेक स्वतः बघतो, आणि पुढचे पॅड स्वतःच बदलतो. हे काम अवघड नाहीये. पंक्चर झालेलं चाक बदलता येतं त्याला अजून पाऊण तासाचं काम शिकायचंय एवढंच. पण ब्रेक आहेत, त्यामुळे घाई करायची नाही आणि एकही स्टेप गाळायची नाही. ज्यांनी कधीच हात लावलेला नाही त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून लिहितोय. मी सांगतोय ते स्विफ्ट, वॅगनार, आय टेन, टियागो अशा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या साध्या गाड्यांबद्दल. तुमच्या गाडीला मागेपण डिस्क असेल तर मागच्याला घरी हात लावू नका, त्यात हँडब्रेकचा पिस्टन बऱ्याचदा फिरवत आत घालावा लागतो, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून सर्व्हिस मोडला टाकावा लागतो.

आधी आत काय चालतं ते डोळ्यासमोर आणा. चाकाबरोबर लोखंडी डिस्क फिरते. तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरल्यासारखे धरतात, ती चिमटी म्हणजे कॅलिपर. आपल्या छोट्या गाड्यांत पिस्टन एकच असतो आणि तो आतल्या बाजूला. तुम्ही पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलतं, पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. आता ह्या पिना गंजल्या किंवा त्यातलं ग्रीस सुकलं तर कॅलिपर सरकतच नाही, मग सगळं काम आतला पॅड एकटा करतो आणि एकटाच संपतो. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. कोकणात राहणाऱ्यांनी, किंवा दर पावसाळ्यात तिकडे जाणाऱ्यांनी ह्याकडे जास्त लक्ष द्या, खारी हवा आणि पाऊस दोन्ही पिनांचे वैरी आहेत.

आणि उष्णता किती होते हेही एकदा समजून घ्या म्हणजे पॅड कशासाठी एवढे महत्त्वाचे ते कळेल. हजार किलोची गाडी ताशी ९० वरून पूर्ण थांबवली की जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात लिटरभर पाणी उकळायला येईल. महाबळेश्वर ते पोलादपूर उतार बाराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हीच गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर जवळपास ३७ लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता कुठेतरी जायला हवी. हवेचा रोध आणि इंजिन त्यातली काही घेतात, म्हणून तर घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा असं जुने ड्रायव्हर सांगतात. न्यूट्रल करून उतरवलीत तर इंजिनाची मदत संपली, सगळा भार ब्रेकवर.

गाडी काय सांगते ते ऐका

पॅड संपत आले की बऱ्याच गाड्यांत एक छोटी पत्र्याची पट्टी डिस्कला टेकते आणि चीं चीं असा बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. हा इशारा आहे, ह्यावर आठवड्याभरात चाक उघडा. कर्रर्र असा जाड आवाज आला म्हणजे इशाऱ्याची वेळ गेली, प्लेट डिस्कला लागली, गाडी चालवू नका. रात्री पाऊस पडला किंवा गाडी धुतली तर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते, ती डिस्कवरच्या पातळ गंजाची असते आणि लगेच जाते, तिला घाबरू नका.

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क कमी-जास्त झिजलेली असते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका बाजूचा कॅलिपर किंवा पिना अडकल्यात, पण आधी टायरमधली हवा बघून घ्या, कारण बऱ्याचदा ओढायचं कारण तेच निघतं.

अजून एक खूण लोकांच्या लक्षात येत नाही. बॉनेट उघडलं की ब्रेक ऑइलची पांढरी अर्धपारदर्शक डबी दिसते, तिच्यावर मॅक्स आणि मिन अशा रेघा असतात. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्या मागची जागा ऑइल भरून काढतं, म्हणून डबीतली पातळी हळूहळू खाली जाते. म्हणजे पातळी मिनजवळ आली की लगेच वरून ऑइल ओतायचं नाही, आधी पॅड बघायचे. पॅड जाड आहेत आणि तरीही पातळी खाली जातेय तर कुठेतरी गळती आहे आणि मग गाडी गॅरेजलाच.

चाक न काढता आतला पॅड बघायची एक युक्ती आहे. स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवा, गाडी बंद करा, मोबाईलचा टॉर्च घेऊन चाकाच्या मागून, बंपरच्या बाजूने किंवा दाराच्या बाजूने, आत बघा. कॅलिपर आणि डिस्कच्या मध्ये आतला पॅड कडेने दिसतो. बाहेरचा तर अलॉय व्हीलच्या फटीतूनही दिसतो. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० मिमी असतं, त्यातली लोखंडी प्लेट धरायची नाही. ३ मिमी राहिलं की बदलायचे. घाटात नेहमी जाणं असेल तर मी ४ ला बदलतो.

काय काय लागतं

गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक गाडी उचलायला चालेल, पण उचलून धरायला नाही. दोन जॅक स्टँड घ्या, गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ते. ह्यावर पैसे वाचवू नका, बाकी कशावरही वाचवा. मग एक गोटी पाना सेट, चाकाच्या नटांसाठी मारुतीला बहुतेक १९ ची गोटी लागते, ह्युंदाईला २१ ची, कॅलिपरच्या बोल्टला गाडीप्रमाणे १२, १३ किंवा १४ ची. पिस्टन आत ढकलायला सुताराचा सी क्लॅम्प, सहा इंची पुरतो. तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, थोडी बाइंडिंग तार, हातमोजे, मास्क, जुने फडके, मेडिकलमधली २० मिलीची सिरिंज सुईशिवाय. ग्रीस साधं नको, ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिरॅमिक ग्रीस छोट्या पाऊचमध्ये मिळतं ते. साधं ग्रीस उष्णतेने वितळतं आणि त्यातल्या तेलाने रबर फुगतं. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येणारा पाना, असेल तर उत्तम, शेजारीपाजारी विचारा, कुणाकडे तरी असतो.

पॅड घेताना गाडीचं वर्ष, व्हेरियंट आणि शक्यतो चॅसिस नंबर घेऊन जा, कारण एकाच मॉडेलला दोन प्रकारचे कॅलिपर असू शकतात. पुण्यात असाल तर नाना पेठेत सगळं मिळतं. कंपनीचे जेन्युईन घ्या किंवा बॉशसारखा नावाजलेला ब्रँड घ्या, खोक्याचं सील, छपाई नीट बघा. दोनशे रुपये स्वस्त म्हणून बिननावाचे पॅड कधीच नको. आणि पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, चार पॅडचा सेट असतो तो ह्याचसाठी. एकाच बाजूचे नवे टाकले तर ब्रेक मारताना गाडी ओढते.

गाडी उचलणं

खरं सांगायचं तर ब्रेकच्या कामात जीवाला सगळ्यात जास्त धोका ब्रेकचा नसतो, जॅकवरून घसरलेल्या गाडीचा असतो. म्हणून ह्या भागावर मी जास्त लिहितोय.

जमीन सपाट आणि कडक हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड फळी घ्या, नाहीतर ब्लॉक खचतो. मातीवर नको, उतारावर अजिबात नको. ब्रेक गार पाहिजेत, बाहेरून आल्या आल्या काम सुरू करू नका, तासभर थांबा. हँडब्रेक ओढा, मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक पी मध्ये, आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळा किंवा चांगला मोठा दगड लावा. विटा नको, त्या फुटतात.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. हवेत गेल्यावर जोर लावलात तर चाक फिरतं आणि गाडी हलते. पाना हाताने हलत नसेल तर त्याला पाइपचा तुकडा लावा, पायाने उड्या मारू नका, पाना सटकतो. मग जॅक पॉइंट शोधा, दाराखालच्या कडेला दोन खाचा असतात त्यांच्या मध्ये, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. गाडी उचला, घोडी लावा, जॅक हळू सोडून वजन घोडीवर येऊ द्या. कात्री जॅकने जॅक पॉइंटच अडवला तर घोडी कुठे लावायची हा प्रश्न येतो, त्याचं उत्तरही मॅन्युअलमध्ये असतं, पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीखालचा आडवा मजबूत लोखंडी भाग, किंवा चॅसिसचा मजबूत भाग. पातळ पत्र्याला लावू नका. लावून झाल्यावर गाडीला हाताने हलवून बघा, हलली तर खाली घेऊन परत लावा. चाक काढलं की ते आडवं करून दाराखालच्या कडेखाली सरकवून ठेवा, काहीही झालं तरी गाडी चाकावर पडेल.

शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली घालायची ह्या कामात गरजच नाही, सगळं चाकाच्या पोकळीत बसून होतं. लहान मुलं आणि मांजर जवळपास नकोत.

एका वेळी एकच बाजू

डावी पूर्ण झाल्याशिवाय उजवीला हात लावू नका. मध्येच एखादी क्लिप कशी बसली होती ते आठवलं नाही तर दुसऱ्या बाजूला बघता येतं, ती आरशातल्यासारखी उलटी असते एवढं लक्षात ठेवा. काढायच्या आधी मोबाईलवर चार-पाच फोटो काढा.

मास्क लावा. ब्रेकची काळी पूड तोंडाने फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि स्वस्तातल्या पॅडमध्ये काय असेल सांगता येत नाही. ब्रेक क्लीनर मारून ओली करा आणि फडक्याने पुसून घ्या.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करा, आणि पातळी मॅक्सला टेकली असेल तर सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या. का, ते पिस्टन ढकलताना कळेल. हे ऑइल गाडीच्या रंगावर पडलं तर रंग उचलतं, म्हणून बाजूला फडकं टाका आणि सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आता कॅलिपर. मागच्या बाजूला दोन बोल्ट दिसतील, वर एक खाली एक, हेच सरकणाऱ्या पिनांचे बोल्ट. बऱ्याच गाड्यांत फक्त खालचा काढला की कॅलिपर झाकणासारखा वर उचलला जातो. बोल्ट फिरवताना पिनही गरगर फिरत असेल तर पिनेला दुसऱ्या चपट्या पान्याने धरा. त्याच्याही मागे दोन मोठे बोल्ट असतात ते कॅलिपरला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे आहेत, त्यांना हात लावू नका. कॅलिपर पूर्ण काढावा लागला तर तो रबरी होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळत कधीही सोडू नका, आतून होज फाटतो आणि बाहेरून कळतही नाही. बाइंडिंग तारेने वरच्या स्प्रिंगला बांधून ठेवा.

जुने पॅड बाहेर काढा आणि लगेच टाकून देऊ नका. दुसऱ्या बाजूचेही निघाले की चौघांना शेजारी शेजारी ठेवून बघा, कारण त्यावरून सगळी गोष्ट कळते. आतला बाहेरच्यापेक्षा खूप झिजलेला म्हणजे पिना अडकल्यात. एकच पॅड एका टोकाला पाचरीसारखा तिरका झिजलेला म्हणजे पिना किंवा पॅडच्या क्लिपा अडकल्यात. एका बाजूची जोडी दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त गेली म्हणजे त्या बाजूचा कॅलिपर नीट सुटत नाही. आतला बाहेरच्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त झिजलेला असेल तर चिंता नको, तेवढं चालतं.

पिना हाताने ओढून बाहेर काढा, रबरी बूट फाडू नका. जुनं काळं ग्रीस पुसून टाका, पिनेवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, खोल खड्डे पडले असतील तर पिनच नवी घ्या. ब्रेकचं ग्रीस पातळ लावून परत बसवा आणि आत-बाहेर करून बघा, लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली पाहिजे. वरची पिन वर आणि खालची खालीच जायला हवी, काही गाड्यांत एकीच्या टोकाला रबरी बुश असतो आणि अदलाबदल झाली की अडकते. सगळ्या कामात हीच पाच मिनिटं लाखमोलाची. नुसते पॅड बदलून पिना तशाच ठेवल्या तर नवा आतला पॅडपण तसाच संपणार.

पॅडच्या कडेचे कान ज्या खाचेत बसतात तिथे स्टीलच्या क्लिपा असतात, त्या काढून खाली तारेचा ब्रश मारा. नव्या सेटबरोबर क्लिपा आल्या असतील तर नव्याच लावा.

डिस्कवरून नखाने आडवं फिरवा. बारीक रेघा असतात, त्या चालतात, नख अडकण्याइतक्या खोल असतील तर डिस्क लेथवर मारून घ्यायची किंवा बदलायची. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजून त्याखाली गेली असेल तर ती संपली, लेथवर मारणं हा पर्याय राहत नाही. निळे डाग, तडे दिसले तरी बदलायची. निर्णय घेता येत नसेल तर फोटो काढा आणि ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा, विचारण्यात काही कमीपणा नाही.

मग पिस्टन. त्याच्याभोवतीचा रबरी बूट फाटलेला किंवा ओला दिसला तर इथेच थांबा, कॅलिपरचं किट बदलावं लागेल आणि ते गॅरेजचं काम. बूट चांगला असेल तर जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवा, त्यावर सी क्लॅम्प लावा आणि एकदम हळू आवळत पिस्टन पूर्ण आत ढकला. मागचं ऑइल परत डबीत चढतं, म्हणून मघाशी जागा केली. कुणीतरी मधल्या काळात वरून ऑइल भरलं असेल तर ह्याच वेळी डबी भरून वाहते. पिस्टन खूपच घट्ट वाटला, क्लॅम्पने जोर लावूनही जात नाही, तर जबरदस्ती करू नका, तो आतून गंजलेला असतो.

नवे पॅड बसवताना मटेरियलला तेलाचा हात लावायचा नाही. ग्रीस फक्त कानांवर आणि प्लेटच्या पाठीला जिथे पिस्टन टेकतो तिथे, अगदी बोटाने पुसल्याएवढं. मटेरियलला ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागलं तर ते पेट्रोलने धुवून चालत नाही, ते आत मुरतं, तो सेट बाद समजा. शिट्टीची पत्र्याची पट्टी असलेला पॅड बहुतेक वेळा आत जातो, जुना कसा होता ते फोटोत बघून घ्या. नवी डिस्क लावत असाल तर तिच्यावरचं गंजरोधक तेल आधी क्लीनरने पुसा.

कॅलिपर खाली घ्या, होजला पीळ बसलेला नाही ना बघा, बोल्ट आधी हाताने चार आटे लावा आणि मग पान्याने आवळा. हा छोटा बोल्ट आहे, चाकाच्या नटाएवढा जोर लावला तर तुटेल, टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. हँडब्रेक आणि चाकांचे ठोकळे तसेच ठेवून गाडी न्यूट्रलला घ्या, कारण गिअरमध्ये पुढचं चाक फिरत नाही, आणि डिस्क हाताने फिरवून बघा, किंचित घासत फिरली तर ठीक, जाम झाली तर काहीतरी उलटं बसलंय. गाडी परत गिअरमध्ये किंवा पी मध्ये टाका, चाक लावा, नट हाताने पूर्ण लावा, गाडी खाली घ्या आणि नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, चार नट असतील तर क्रॉस, पाच असतील तर चांदणी काढल्यासारखं. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं, नक्की आकडा तुमच्या गाडीचाच वापरा. मग दुसरी बाजू.

गाडी हलवायच्या आधी

हा परिच्छेद दोनदा वाचा. पिस्टन आपण आत ढकललाय, त्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबाल तेव्हा ते सरळ तळाला जाईल आणि ब्रेक लागणारच नाही. पॅड बदलून, गाडी सुरू करून, रिव्हर्स टाकून थेट पार्किंगच्या भिंतीवर गेलेली माणसं आहेत. म्हणून दुसरी बाजू झाल्यावर, गाडी बंद असतानाच पेडल हळूहळू पंप करा, दहा-पंधरा वेळा, जोपर्यंत ते वर येऊन दगडासारखं कडक होत नाही. मग डबीतली पातळी बघा, मॅक्सच्या वर नको, झाकण घट्ट लावा. मग पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू करा, पेडल किंचित खाली जायला हवं, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर काम करतोय. पाय दाबून अर्धा मिनिट धरा, हळूहळू खाली खाली जात राहिलं तर गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

सगळं ठीक असेल तर पार्किंगमध्येच पाच-दहाच्या स्पीडने चार-पाच वेळा थांबवून बघा, मग रस्त्यावर. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला लागतात. सकाळी लवकर रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, अर्धा किलोमीटर चालवत गार होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा. मागे कुणी नाही हे बघून. थोडा वास येईल, तो नव्या पॅडचा असतो. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो कचकन ब्रेक मारू नका, आणि ह्या काळात घाटाची ट्रिप ठरवू नका. गणपतीला कोकणात जायचं असेल तर पॅड निदान दोन आठवडे आधी बदला. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट एकदा परत आवळून बघा. आणि घाट उतरून आल्यावर तापलेल्या डिस्कवर गाडी धुवायचं गार पाणी मारू नका, डिस्क वाकडी होऊ शकते.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं

ऑइल बदलणं आणि ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढणं हे पहिल्या वेळेला करू नका, दोन-तीनदा पॅड बदलून हात बसला की मग. पण माहिती हवी. आपण त्याला ऑइल म्हणतो पण त्यात तेल नसतं, ते ग्लायकोलचं द्रव असतं आणि हवेतली ओल शोषतं. डॉट ३, डॉट ४ ह्या त्याच्या प्रती. नवीन डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की तेच १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. घाटात कॅलिपर तापला आणि ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजसारखं तळाला जातं. पॅड नवेकोरे असले तरी. म्हणून दर दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेव्हा ऑइल बदला, गाडी कमी चालली असली तरी, कारण ओल किलोमीटर मोजत नाही.

डबीच्या झाकणावर डॉट ३ का डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच टाका. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच प्रकरण आहे, ते मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून गेलं तर सगळे रबर सील फुगतात, अख्खी सिस्टीम बदलावी लागते. उघडलेला डबा वर्षभर कपाटात ठेवून वापरू नका, छोटा सीलबंद घ्या. जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही, बाटलीत भरून गॅरेजला द्या.

हवा काढताना दोन माणसं लागतात. मी भाच्याला बसवतो. कॅलिपरच्या निप्पलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी, तिचं टोक थोडं नवीन ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. "मामा, दाबलं." "धरून ठेव, सोडू नको." निप्पल पाव फेरा उघडायचं, ऑइल येतं, निप्पल बंद, "आता सोड." बंद करायच्या आधी त्याने सोडलं तर हवा आत ओढली जाते, म्हणून हे बोलणं मोठ्याने आणि प्रत्येक वेळी. डबी मध्येच रिकामी झाली तर हवा डबीखालच्या मास्टर सिलेंडरमधून पार एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये जाते आणि मग ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आहेच, त्यामुळे दर पाच-सहा दाबांनंतर डबीत भर घाला. चाकांचा क्रम मॅन्युअलमधला.

मागचे ड्रम, गळती, एबीएसचा दिवा, चिरलेला होज, ह्यातलं काहीही असेल तर गॅरेज. ड्रमच्या आतल्या स्प्रिंगा पहिल्यांदा काढणाऱ्याला परत बसवता येत नाहीत आणि डोळ्याला लागायची भीती असते. ब्रेक लागत नसलेली गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

आता शेवटचं काम. एक छोटी वही गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. तारीख, किलोमीटर, पॅडचा ब्रँड, आणि चारही पॅडची जाडी वेगवेगळी लिहा, डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. दर दहा हजाराला टायर रोटेशनसाठी चाकं निघतातच, तेव्हा परत मोजा. माझ्या वहीत शेवटची नोंद अशी आहे: डावा आतला ७, डावा बाहेरचा साडेसात, उजवा आतला ७, उजवा बाहेरचा साडेसात, पिना मोकळ्या.